प्रतिसाद: वाशिष्ठीच्या खाडीबद्दल

बोटीच्या सफरीसाठी कुठे जावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी केरळच सुचवलंय. पण आपल्या कोकणातल्या वाशिष्ठी नदीची खाडी या यादीत असायलाच हवी. चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्यापासून खाली दाभोळपर्यंत हे पाणी जातं. कोयना प्रकल्पातून वीज तयार झाल्यावर सुटणारं पाणी याच नदीत येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही ती आटत नाही.

खरी मजा मगरींची. थंडीत ओहोटी लागली की काठचा चिखल उघडा पडतो आणि त्या ऊन खायला वर येतात, अगदी ओंडक्यासारख्या निपचित! म्हणून आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मग बोट ठरवा. भरतीत गेलात तर बहुधा नुसती कांदळवनंच दिसतील. तीही सुंदरच असतात म्हणा, खंड्या आणि बगळे भरपूर. नावाड्याला इंजिन बंद करून बोट लांबच ठेवायला सांगा, आवाजाने मगरी लगेच पाण्यात शिरतात. आणि कृपा करून त्यांना खायला काही टाकू नका.

दाभोळला बघण्यासारखी जुनी मशीद धक्क्याच्या जवळच आहे. तिथून फेरीबोटीने खाडीपलीकडे धोपाव्याला उतरलात तर अंजनवेलचा गोपाळगड किल्लाही त्याच दिवशी बघून होतो.