आंब्याच्या बागेत आंतरपीक: कलमांची संख्या पाहावी की ओळींची दिशा?

बोरिवलीकर:
पालघर तालुक्यात आमची घरची जमीन आहे आणि दर शनिवारी मी बोरिवलीहून तिथे जातो. वडिलांनी लावलेल्या हापूसच्या ओळी पूर्व-पश्चिम आहेत. दोन ओळींत 10 मीटर आणि ओळीतल्या दोन कलमांत 5 मीटर अंतर आहे. गेल्या हिवाळ्यात मधल्या पट्ट्यात वाल पेरला, तेव्हा प्रत्येक ओळीच्या उत्तरेकडचा वाल नुसता उंच, पिवळट वाढला आणि त्याला शेंगा जेमतेम धरल्या. त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या कडेला मात्र रोपे शेंगांनी वाकली होती. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे 5 मीटर उंच झाडाची सावली उत्तरेला सुमारे साडेचार मीटर पडते. ओळ दक्षिणोत्तर असती, तर दुपारची सावली ओळीतच पडली असती आणि मधल्या पट्ट्याला ऊन मिळाले असते.

आता उरलेल्या एकरात भावाला 5 बाय 5 मीटरची घन लागवड हवी आहे, कारण तीत 160 कलमे बसतात. माझे मत 10 बाय 5 चे, दक्षिणोत्तर ओळींचे आहे. त्यात 80 च कलमे बसतात हे खरे, पण 7 बाय 7 ने लावली तरी साधारण तेवढीच बसतात आणि पेरणीला सलग पट्टा मात्र उरत नाही.

मुलुंडवासी:
मला हे पटत नाही. बाग आंब्याची आहे, वालाची नाही, आणि वालासाठी निम्मी कलमे सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. त्याहून मोठा धोका पाण्याचा आहे. मोकळा पट्टा दिसला की माणूस आज वाल पेरतो आणि उद्या भाजीला पाणी सोडतो. पाऊस संपल्यावर कलमाला जो ताण बसायला हवा तो मग बसत नाही आणि मोहोराऐवजी पालवी फुटते. घन लागवडीत दरवर्षी छाटणी केली तर झाडे आटोक्यात राहतात, आणि पहिली काही वर्षे मध्ये आंतरपीकही घेता येते.

बोरिवलीकर:
पाण्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी वालाचे नाव घेतले, कारण तो जमिनीतल्या ओलाव्यावर येतो. छाटणी मात्र आंबे उतरवल्यावर लगेच व्हावी लागते. ती लांबली तर नवी फूट मोहोराच्या वेळेपर्यंत पक्व होत नाही, आणि त्या दिवसांत 160 झाडांसाठी जाणते हात आमच्या गावात मिळत नाहीत.

दादरची वाचक:
आपण दोघेही ऊन आणि हिशेब मांडत आहात, परंतु जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात माती कुठे जाणार, हे कोणीच विचारलेले नाही. कोकणातल्या उतारावर ओळी उताराला आडव्याच हव्यात, मग दिशा कोणतीही येवो. उतार पश्चिमेकडे असेल, तर आडव्या ओळी आपोआप दक्षिणोत्तर होतात आणि तुमचे काम सोपे होते. उतार उत्तरेकडे असेल, तर दक्षिणोत्तर ओळींमधली नांगरट म्हणजे पाण्याला करून दिलेली वाटच ठरेल.

बोरिवलीकर:
आमचा खालचा अर्धा भाग नेमका उत्तरेकडे उतरतो, आणि तिथे सावली आणखी लांब पडणार. तेव्हा सपाट भागात दक्षिणोत्तर ओळी ठेवतो. उतारावर ओळी आडव्या, 12 मीटरवर घेतो आणि सावलीच्या कडेला हळद लावतो, कारण तिला थोडी सावली सोसते. भावालाही हे आज रात्री समजावून सांगेन.

मुलुंडवासी:
घन लागवडीबद्दलचे माझे मत कायम आहे. मात्र हळद लावणारच असाल, तर फांद्यांच्या घेराबाहेर लावा. ती जानेवारी-फेब्रुवारीत खणून काढावी लागते, कलम तेव्हा मोहोरावर असते, आणि त्या वेळी कुदळीने वरची बारीक मुळे तुटली तर फळधारणेला फटका बसेल.