क्लिपबोर्डचा इतिहास आणि मोजका डेटा

विंडोज, शिफ्ट आणि एस या कळांनी पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपता येतो, ही युक्ती उपयुक्त आहे. तिच्यात भर म्हणून क्लिपबोर्डच्या, म्हणजे कॉपी केलेला मजकूर संगणक तात्पुरता जिथे ठेवतो त्या जागेच्या, इतिहासाबद्दल लिहितो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीस आलेली ही सोय आजही अनेकांना ठाऊक नाही. विंडोजची कळ दाबून ठेवून व्ही दाबले, की आधी कॉपी केलेल्या २५ पर्यंत गोष्टींची यादी उघडते. पहिल्या वेळी मात्र ती सुरू करावी लागते. देवगड-रत्नागिरीकडे हंगामात हापूसच्या मागण्यांना उत्तरे देणाऱ्या बागायतदाराला पेटीचा दर, खाते क्रमांक आणि पत्ता हाच मजकूर दिवसभर पाठवावा लागतो. या तिन्ही नोंदी 'पिन' करून, म्हणजे यादीत अडकवून ठेवल्या, तर वीज जाऊन संगणक बंद पडला तरी त्या टिकतात. पिन न केलेल्या जातात. संगणक सामायिक असेल, तर कॉपी केलेला पासवर्डही या यादीत दिसू शकतो, म्हणून तो तेथून आठवणीने काढून टाकावा.

आपल्याकडे वाडीवाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालते. विंडोजमध्ये अशा जोडणीच्या गुणधर्मांत (प्रॉपर्टीज) 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजक्या डेटाची जोडणी, हा पर्याय चालू केल्यास बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत आणि दिवसाचा डेटा वाचतो. तालुक्याच्या गावी चांगली जोडणी मिळताच अपडेट अवश्य करून घ्यावेत, कारण त्यांतच सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात.