डिस्चार्जनंतर घरी काळजी घ्यायला कोणाचं नाव द्यावं?

निरभ्र:
खुब्याच्या ऑपरेशननंतर सत्तरी ओलांडलेल्या पेशंटला लवकरच घरी सोडणार आहेत. वॉकर आहे, रक्त गोठू नये म्हणून रोज पोटावर इंजेक्शन आहे, लघवीची पिशवी काही दिवस राहणार. सिस्टर म्हणतात, घरी काळजी घेणाऱ्या एका व्यक्तीचं नाव द्या. मुलगी नोकरी करते. जुना मित्र निवृत्त आहे आणि जवळच राहतो. निर्णय पेशंटच घेणार आहेत. काय पाहून ठरवावं?

चाफेकळी:
नाव नंतर. आधी चोवीस तासांचा तक्ता करा. सिस्टरला विचारून प्रत्येक काम वेळेसकट लिहा: इंजेक्शन, गोळ्या, पिशवी रिकामी करणं, रात्री संडासला नेणं. मग प्रत्येकासमोर कोण, ते भरा. रिकामा राहतो तो बहुधा रात्रीचा रकाना, आणि पडण्याचा धोका तिथेच जास्त: अंधार, गुंगी, कोणाला उठवायचा संकोच.

पेशंटला एकट्याला गाठून विचारा, अंघोळ आणि संडासाला कोणाचा हात चालेल? हा प्रश्न सगळे टाळतात. वडिलांना मुलीसमोर अवघड वाटत असेल तर ते संडास दाबून ठेवतात, आणि तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता आधीच झालेली असते.

मित्राला विचारताना ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेवा. भिडेपोटी हो म्हटलेला माणूस चार दिवसांनी अडचणीत येतो, आणि पेशंटही. त्यांची पाठ आणि गुडघे कसे आहेत, गोळ्यांच्या पट्टीवरची बारीक अक्षरं वाचता येतात का, हेही पाहा.

पायवाट:
उठवण्या-बसवण्याबद्दल. काखेत हात घालून ओढू नका. पेशंटचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही दुखावतात. पेशंटने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचं, वॉकर धरून नाही, कारण तो अंगावर कलंडतो. मदतनीस ऑपरेशनच्या बाजूला, किंचित मागे. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

सातवा_मजला:
इंजेक्शन: बेंबीपासून किमान ५ सेंमी दूर, रोज बाजू बदलून. चिमटीत कातडीची घडी धरायची, सुई सरळ ९० अंशांत, औषध पूर्ण जाईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळू नये, काळंनिळं होतं. भरलेली सिरिंज असेल आणि पूर्ण डोस द्यायचा असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढू नका. काढताना औषध सांडतं.

पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला टेकू न देता. अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. काही तास लघवीच उतरली नाही तर आधी नळीला पीळ पडलाय का बघा. तसं नसेल तर लगेच हॉस्पिटलला कळवा.

हे सगळं नुसतं बघून येत नाही. सिस्टरसमोर निवडलेल्या माणसाने स्वतः करून दाखवायचं, आणि तेही डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि कागदांच्या गडबडीत कोणी शिकवत नाही, कोणी शिकतही नाही.

निरभ्र:
मित्राला सुईची भीती वाटते. मुलगी संध्याकाळी सातनंतर घरी असते. मग?

चाफेकळी:
इंजेक्शन दिवसातून एकदाच असेल तर रोज रात्री आठची वेळ चालेल का, डॉक्टरांना विचारा. चालली तर ते मुलीकडे, दिवसाचं चालणं-फिरणं मित्राकडे. केस पेपरवर नाव मात्र गोळ्या सांभाळणाऱ्याचंच. गोळ्यांचे निर्णय दोघांच्या हाती गेले की डोस दोनदा पडतो किंवा चुकतो. त्या व्यक्तीला प्रकृतीची माहिती द्यायला पेशंटची संमती आहे, हेही नोंदवून घ्या. दुसरा फोन नंबर मित्राचा. पुढे जमेनासं झालं तर नाव बदलता येतं, पेशंटला तेवढं सांगून ठेवा.

घरातल्या जुन्या गोळ्या आणि नवीन यादी शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. एकच औषध दोन नावांनी घेतलं जाणं ही नेहमीची गफलत. पॅरासिटामॉल तर कितीतरी मिश्र गोळ्यांत असतं.

सातवा_मजला:
फ्रिजवर फोन नंबरांसोबत हेही लिहा: एका पोटरीला सूज किंवा दुखणं, जखमेतून पू, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, तर लगेच डॉक्टरांना फोन. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी नको, थेट अँब्युलन्स.