मदत हवी आहे : जर्मन शेफर्डचे लंगडणे गोचीड तापामुळे की आनुवंशिक?

नमस्कार मंडळी,

यावल तालुक्यात आमच्या मळ्यावर जेनी नावाची सव्वा वर्षाची जर्मन शेफर्ड कुत्री आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस तिला गोचीड ताप आला. नाकातून रक्त येऊ लागले आणि तपासणीत प्लेटलेट फार कमी निघाल्या, तेव्हा डॉक्टरांनी एर्लिकिया या जिवाणूचे निदान करून डॉक्सिसायक्लिन 28 दिवसांसाठी दिले. औषध पूर्ण झाले, ताप गेला, भूकही परतली; मागच्या पायांचे लंगडणे मात्र राहिले आहे.

सकाळी उठताना ती सगळा भार पुढच्या पायांवर घेऊन मागचा भाग ओढत वर आणते, चार पावले अडखळते आणि मग तिची चाल मोकळी होते. धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकते. ओट्यावर चढायचे टाळते. गोचीड तापातही सांधे दुखतात, हे मला ठाऊक आहे. परंतु तिचे गुडघे किंवा घोटे सुजलेले नाहीत आणि मागच्या मांड्या दिवसेंदिवस बारीक होत चालल्या आहेत. त्यामुळे डॉक्टरांना हिप डिसप्लेशियाची, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत घट्ट न बसण्याच्या दोषाची शंका आहे.

(गोठ्यातल्या गोचिडांमुळे हे झाले, असे काहींचे म्हणणे पडले. वास्तविक एर्लिकिया पसरवणारी तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्यांवरच जगते आणि भिंतींच्या भेगांत अंडी घालते, म्हणून जेनीच्या खोलीतल्या भेगा बुजवून घेतल्या आहेत.)

माझी खरी अडचण पुढे आहे. धुळ्याचे एक परिचित त्यांच्या कुत्र्याशी जेनीचे मेटिंग करावे म्हणून मागे लागले आहेत. हा दोष एकाच जनुकाचा नसून अनेक जनुकांचा, शिवाय वाढीच्या वयातील वजन आणि आहार यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे आईबाप धडधाकट दिसले तरी पिल्लांत तो उतरू शकतो. माझ्या बहिणीच्या पर्शियन मांजरीचे तसे नाही. त्या जातीतील मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार एका जनुकातील बदलामुळे होतो, सदोष प्रत एकाच पालकाकडून आली तरी पुरते आणि जनुकीय चाचणीने तो निश्चित कळतो. जेनीच्या बाबतीत अशी सोपी चाचणी नाही, आणि तिच्या पिल्लांनी जन्मभर दुखणे सोसावे हे मला मान्य नाही. निर्णय होईपर्यंत मेटिंगला मी नकारच दिला आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे, की सव्वा वर्षाच्या वयात घेतलेला खुब्यांचा एक्स-रे निर्णायक मानावा, की दोन वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा घ्यावा? एक्स-रेमध्ये दोष दिसल्यास वजन आटोक्यात ठेवणे, गुळगुळीत फरशीवर गोणपाट टाकणे आणि वेदनाशामक औषधे यांवर किती काळ निभावते, आणि शस्त्रक्रियेचा विचार केव्हा करावा? मोठ्या जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम अपायकारक ठरते असे वाचल्यामुळे कॅल्शियमचे टॉनिक मी बंद केले आहे. या वयात ते पुन्हा देण्याची गरज आहे का?

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशींचे असते. कुत्र्याला गुंगी देऊन, पाय सरळ ताणून खुब्यांचा एक्स-रे काढण्याची सोय जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात कोणी स्वतः अनुभवली असल्यास अवश्य कळवावे. तशी सोय इकडे नसेल, तर तिला थेट परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची माझी तयारी आहे.