कंट्रोलर बदलण्याआधी 60 ओहम तपासा

दादा, डिचोलीच्या खाणीवरून घेतलेल्या तुमच्या एक्सकॅव्हेटरवर पहिल्या पावसानंतर ‘कम्युनिकेशन एरर’ येतो आणि मेकॅनिक कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) बदला म्हणतो. कृपा करून इतक्यात बदलू नका.

बॅटरीची वायर काढा आणि डायग्नोस्टिक सॉकेटवर (तपासणीचं यंत्र जोडतात तिथे) कॅन-हाय व कॅन-लो यांच्यामध्ये मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावा. मशीनमधले कंट्रोलर याच दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून सुमारे 60 ओहम दिसायला हवेत. 120 दिसले तर कुठेतरी वायर तुटलीय किंवा एक रेझिस्टर गेलाय. शून्याजवळ आलं तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. 60 आले तरी निर्धास्त होऊ नका, बॉडीला शॉर्ट असली तरी तेवढेच दिसतात. म्हणून प्रत्येक वायर बॉडीला लागलीय का ते वेगळं तपासा. मग बॅटरी जोडून चावी चालू केल्यावर दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट मिळतात का बघा.

आपल्याकडे कनेक्टरमध्ये खाणीची लाल धूळ बसते, वर पावसाची ओल, आणि पिना हिरव्या पडतात. बॅटरी पुन्हा काढून मीटर ओहमवर लावून ठेवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा. आकडा उडाला तिथेच दोष. आधीच्या मालकाने जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर त्याचे टेपवाले जोड सगळ्यात आधी उघडा.