१२४८ सीसी डिझेल: चढावर पिकअप नाही, टर्बो बदलायलाच हवा का?

जेलरोडकर
गाडी २०१३ची डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसी, ७५ पीएस, रनिंग १,१८,००० किमी. २००० आरपीएमनंतर जी ओढ लागायची ती आता लागतच नाही. कसारा घाटात तिसरा गिअर पुरायचा, आता दुसरा टाकावा लागतो आणि आरशात काळा धूर दिसतो. स्टार्टिंग एका झटक्यात, आयडलिंग व्यवस्थित, चेक इंजिनचा दिवा नाही. एअर फिल्टर नवा आहे, डिझेल फिल्टर १५,००० किमीपूर्वी बदललाय. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून लगेच 'टर्बो गेला' सांगितलं. ब्लूटूथवालं ओबीडी (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) आहे माझ्याकडे. सुरुवात कुठून करू?

वंगणवाला
टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, अजून हात लावू देऊ नका. आधी ठरवा की इंजिनच ताकद काढत नाहीये, की काढलेली ताकद चाकापर्यंत पोचत नाहीये.

चौथ्या गिअरमध्ये १८००-२००० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा पळाला आणि स्पीड तिथंच राहिला, तर क्लचप्लेट घसरतेय. मग दहा-पंधरा किमी कमीत कमी ब्रेक मारत चालवा आणि चारही रिम्सजवळ हात न्या. एखादी जास्त तापली असेल तर ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. पुढे बहुतेक वेळा कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात, मागे हँडब्रेकची केबल अडकलेली.

पण तुमच्याकडे काळा धूर आहे, म्हणून माझा संशय हवेवर. डिझेल फिल्टर चोक झाला तर डिझेलच कमी मिळतं, गाडी दम तोडते पण काळा धूर सोडत नाही. धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. टर्बोनंतरचा एखादा होज (हवेचा रबरी पाइप) फुटला की नेमकं हेच होतं: एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी बसतो, तो आत आलेली सगळी हवा मोजतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या हिशोबाने डिझेल देतो, आणि हवा वाटेतच निसटलेली असते.

ओबीडीवर मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बघा. इग्निशन ऑन, इंजिन बंद: नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, म्हणजे ९४-९५ किलोपास्कल दिसायला हवेत. १०१ दाखवत असेल तर सेन्सरवरच शंका घ्या. मग विल्होळीच्या पुढे रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते ३००० पूर्ण दाबून न्या. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नाही. जवळपास दुप्पट, १९० च्या आसपास गेलं पाहिजे. काही अ‍ॅप बाहेरचा दाब वजा करून 'बूस्ट' दाखवतात, तो आकडा नको, मॅपचा हवा.

कांदाएक्सप्रेस
माझी पेट्रोल-सीएनजी आहे, फक्त गॅसवर पिकअप घेत नाही. तिलाही हेच?

वंगणवाला
नाही, तिला टर्बो नाही. पेट्रोलवर बरोबर चालतेय म्हणजे हवा आणि क्लच ठीक आहेत. प्लग काढून गॅप बघा. गॅसला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, घासलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. कॉइलही बघा, मग सीएनजीचा फिल्टर. थोडी ताकद गॅसवर कमीच मिळते, तेवढं सोडून द्या. बाकी वेगळा धागा काढा.

जेलरोडकर
क्लच घसरत नाही, चाकं गार. इंजिन बंद असताना ९४. तिसऱ्यात पूर्ण दाबून २६०० आरपीएमला १२८, त्याच्या वर जातच नाही. दाबल्यावर डावीकडून फुस्स असा आवाज येतो.

सातपूरचा_पाना
आवाज येतोय म्हणजे होजच धरा. जागेवर उभं राहून रेस देऊन ही गळती सापडत नाही, कारण लोड नसेल तर टर्बो दाबच धरत नाही. गॅरेजमध्ये म्हणूनच 'सगळं ठीक' दिसतं.

टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून तिथे ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण लावा आणि ८-१० पीएसआय हवा द्या. १५ च्या वर अजिबात नाही, सील जातील. ब्रीदरचा (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारा) पाइप त्या बाजूला असेल तर बंद करा. मग साबणाचं पाणी मारत टर्बो ते इंटरकूलर (हवा गार करणारी जाळी), इंटरकूलर ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) असं जा. होजची खालची बाजू हाताने दाबून बघा, चीर तिथेच असते आणि दाब आल्यावरच उघडते. बाहेर तेलाला धूळ चिकटून काळा पट्टा झाला असेल तर पत्ता मिळालाच.

पाइप निघालाच आहे तर टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा, इंजिन गार असताना. आडवा किंचित हलला तर चालतो. आत-बाहेर हलला किंवा पंख घासल्याच्या खुणा असतील तर गॅरेजवाला बरोबर. हँडपंपाने अ‍ॅक्च्युएटरला (रॉड ढकलणारी डबी) हवा देऊन वेस्टगेटचा (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप) रॉड सरकतो आणि पूर्ण परत येतो का तेही बघा. उघडा अडकला तरी दाब असाच कमी मिळतो. तुमचा ७५ पीएसचा टर्बो फिक्स्ड जॉमेट्रीचा आहे, ९० पीएससारख्या व्हेन (हलणाऱ्या पात्या) नाहीत, त्यामुळे 'व्हेन जाम आहेत' असं कोणी म्हटलं तर तिथून निघा.

जेलरोडकर
सापडलं. इंटरकूलरकडून मॅनिफोल्डला जाणाऱ्या होजला क्लॅम्पच्या कडेलाच खालून दीड इंचाची चीर. शाफ्ट आत-बाहेर हलत नाही, रॉड मोकळा. होजच्या आत तेल आहे. टेप गुंडाळून चालेल?

सातपूरचा_पाना
टेप पहिल्याच चढावर सुटेल. मूळ रबरी होज घ्या. हे इंजिन मारुती, टाटा, फियाट तिघांच्या गाड्यांत आहे, पण होजचा आकार गाडीनुसार बदलतो, जुना सोबत न्या. सिलिकॉनचा घ्यायचा तर आतून फ्लोरोचं अस्तर असलेलाच. साधं सिलिकॉन तेल पितं आणि मऊ पडतं.

बसवताना दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने कोरडी पुसा, ग्रीस लावून सरकवू नका. क्लॅम्पही नवा, काठापासून थोडा आत.

वंगणवाला
आत तेलाचा पातळ थर असतोच. इंटरकूलर काढून उलटा धरल्यावर अर्धा कप निघालं तर ब्रीदर आणि डिपस्टिक बघा, ऑइल मॅक्सच्या वर भरलेलं असू शकतं.

इतके दिवस काळा धूर सोडलाय म्हणजे ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळी साचली असणार. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनरने धुवा, गॅस्केट नवं टाका. मॅप सेन्सरवर सेन्सर क्लीनरचा स्प्रे मारा, भोकात तार घालू नका. मग तीच तिसऱ्या गिअरची टेस्ट परत करून आकडा इथे टाका. १७० च्या खाली असेल तर अजून कुठेतरी गळतंय.