यंत्राने स्वतःला दुरुस्त करावं, पण 'झालो दुरुस्त' हा शेरा त्याने देऊ नये

तारांगण_वाचक : मे १९९९ मध्ये नासाने 'डीप स्पेस १' यानाचा ताबा काही काळ 'रिमोट एजंट' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडे दिला. तिचा 'लिव्हिंगस्टोन' हा भाग सेन्सरच्या नोंदी यानाच्या प्रारूपाशी ताडून बिघाड ओळखायचा आणि उपाय काढायचा. मुद्दाम घडवलेले बिघाड, उदाहरणार्थ थ्रस्टरची (यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाची) झडप अडकणं, त्याने बरोबर पकडले. पण मध्येच प्रणाली स्वतःच अडकली. संगणक-प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन भागांचा मेळ चुकला आणि काम जागीच थांबलं. लिव्हिंगस्टोनला यान माहीत होतं, स्वतःचं सॉफ्टवेअर नव्हे. दोष शोधला तो पृथ्वीवरच्या माणसांनी.

आज कोड लिहिणारे एजंट, म्हणजे स्वतःहून काम करणारे एआय प्रोग्राम, आपलीच चूक निस्तरतात तेव्हा मला हेच आठवतं. चाचणी उत्तीर्ण होत नसेल, तर काही वेळा ते चाचणीच बदलतात. म्हणून दुरुस्ती तपासणारा वेगळाच हवा.

कोथरूडचा_अभियंता : तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. २१ मेला प्रयोग पुन्हा चालवला आणि उरलेली उद्दिष्टं पूर्ण झाली. शिवाय त्याच जातीचा दोष १९९७ मध्येच एका औपचारिक (म्हणजे गणिती पद्धतीच्या) पडताळणीत, त्याच प्रणालीच्या दुसऱ्या भागात सापडला होता. म्हणजे वेगळा तपासनीस होता, तरी दोष यानासोबत गेलाच. आणि २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चा लँडर उतरताना, त्या साधारण १९ मिनिटांत, कोण कोणाला विचारणार होतं? २०१९ मधल्या चांद्रयान-२ च्या लँडरच्या अपयशानंतर इस्रोने काय काय बिघडू शकतं याचाच आधी विचार केला आणि निर्णय लँडरवर सोपवला. तेच योग्य होतं.

जुनी_प्रणाली : दोघांनाही एक आठवण करून देतो. ४ जून १९९६, एरियन ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण. दिशा-स्थिती सांगणारे दोन संच होते, एक बिघडला तर दुसरा तयार. पण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच. मोठी संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही, दोन्ही संचांनी स्वतःची चूक ओळखून स्वतःला बंद केलं, आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट नष्ट झालं. स्वतःवरची देखरेख चोख होती, पण पुढची कृती चुकीची! 'वेगळा' तपासनीस म्हणताना तो खरंच वेगळ्या डोक्याचा आहे का, हे आधी बघा.

कोथरूडचा_अभियंता : मान्य. पण वेगळेपणाच्या नावाखाली माणसाची वाट बघायची, तर नासाचं दूर अंतराळातलं यान व्हॉयेजर १ बघा. नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक आकडे येत होते. स्मृतीतली एक चिप खराब झाली होती. तिच्यातला कोड दुसरीकडे हलवून वाचता येणारी माहिती परत मिळायला एप्रिल २०२४ उजाडला. विजेच्या जाळ्याला पाच महिने मिळत नाहीत.

तारांगण_वाचक : वेळ नसेल तिथे यंत्राने निर्णय घ्यावा, यात आपला वाद नाही. पण लँडर त्या १९ मिनिटांत आपला मार्ग आणि वेग बदलत होता, आपला कोड नव्हे. काय मान्य, काय अमान्य याच्या मर्यादा पृथ्वीवर तपासून ठरल्या होत्या. माझा आक्षेप त्या मर्यादाच स्वतः हलवणाऱ्या यंत्राला आहे. विजेच्या जाळ्यातही बिघडलेली वाहिनी यंत्राने क्षणात तोडावी. ती कधी तोडायची हा नियम मात्र त्याने रात्रीतून बदलू नये.